ब्रूम–रूम

“तू ब्रूम. झाडू घरूनच आण, तुमच्याकडे असतोच,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

तिसरीत होते मी. वरठीजवळच्या एका इंग्लिश शाळेत, आरटीईच्या जागेवर. म्हणजे गरिबांच्या, बिनफीच्या जागेवर. गॅदरिंगला आमच्या वर्गाचा कार्यक्रम होता, रायमिंग वर्ड्सचा. प्रत्येकाने यमक जुळणारी शब्दांची जोडी म्हणायची, अर्थ सांगायचा, वाक्यात वापरून दाखवायची. कंत्राटदाराच्या पोराला किंग–रिंग आणि पुठ्ठ्याचा मुकुट. डॉक्टरांच्या मुलीला क्वीन–ग्रीन. माझ्या बाकावरचा पोरगा ढिवराचा, मासे धरणाऱ्यांच्या घरचा, त्याला फिश–डिश. मला ब्रूम–रूम. चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. मॅडमनी तोंडं बघून शब्दांची कार्डं वाटली.

वाक्यही त्यांचंच. “माय मदर हॅज अ ब्रूम. शी क्लीन्स युवर रूम.”

माझी आई कुणाची रूम झाडत नव्हती. ती रोवण्याला जायची, चिखलात वाकून धान रोवायची. मॅडमनी कधी विचारलंच नाही.

गॅदरिंगला आई कामाचा दिवस पाडून आली. ठेवणीतली साडी नेसून. खुर्च्या भरल्या होत्या, म्हणून मागे भिंतीला टेकून उभी राहिली. ती दिसली आणि मला चेव आला. स्टेज झाडलं, वाक्य खणखणीत म्हटलं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या आईने वाजवल्या. तिला इंग्रजी येत नव्हतं. त्या टाळ्या आठवल्या की अजून अंगाचा तिळपापड होतो.

परत येताना तिने विचारलं, “काय म्हणली वं तू? लोकं काहून हासून राहिले होते?”

मी अर्थ सांगितला. मराठीत, शब्दाला शब्द. आई रस्त्यात थांबली.

“तुह्या पणज्यानं धर्म बदलला तवाच गावचं झाडणं सोडलं. अन् तू स्टेजवर झाडून राहिली?”

“मॅडमनं सांगतलं.”

“मॅडमनं सांगतलं तं झाडशील? तोंड नाही तुले?”

तिने जवळ घेतलं नाही. घरापर्यंत माझ्यापुढे झपाझप चालत राहिली. मला वाटलं, माझ्यावर चिडली. ती स्वतःच्या टाळ्यांवर चिडली होती, हे फार नंतर कळलं.

संस्थेच्या अध्यक्षांना कार्यक्रम आवडला होता. सव्वीस जानेवारीला पुन्हा करा म्हणाले. तालमीला मॅडमनी झाडू पुढे केला. मी हात मागे बांधले.

“टेक इट.”

“नो, मॅडम. माझी आई धान रोवते.”

“फुकट शिकता आणि वर तोंड करता!”

मला वर्गाबाहेर उभं केलं. तरी हात पुढे केले नाहीत. झाडू दुसऱ्या आरटीईवालीला दिला. सव्वीस जानेवारीला तिने झाडलं. ढिवराच्या पोराने फिश–डिश म्हटलं. लोक पुन्हा हसले. माझ्या एकटीच्या नाहीने त्यांचं काही अडलं नाही.

मग मी इंग्रजी शिकले. प्रेमाने नाही, रागाने. बी.ए.ला तोच विषय घेतला. आज गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेते. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. तो कोणावर वापरायचा हे मात्र कोणी खुर्चीवर बसून ठरवतं, आणि ते कुठल्याच कोशात लिहिलेलं नसतं.

काल माझी भाची, भावाची मुलगी, शाळेतून आली. तीच शाळा, तिसरीच.

“आत्या, मले ब्रूम भेटला. झाडू आणायले सांगतला.”

मॅडम नवीन आहेत. कार्ड जुनंच.

आई तांदूळ निवडत बसली होती. तिला आता त्या शब्दाचा अर्थ माहीत आहे. सूप बाजूला ठेवून ती माझ्याकडे बघत म्हणाली, “तू जाशील का मी जाऊ?”

“दोघी जाऊ,” मी म्हटलं.

उद्या तालीम आहे. आम्ही दोघी पुढच्या खुर्च्यांवर बसणार. मी त्यांच्याच इंग्रजीत बोलणार, आणि आईला प्रत्येक वाक्याचा अर्थ तिथेच, सगळ्यांदेखत सांगणार. माझ्या भाचीच्या हातात झाडू जाणार नाही. तिने नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुठल्या पोरीच्याही हातात जाणार नाही. ते कार्ड आमच्यासमोर फाडेपर्यंत मी तिथून हलणार नाही.