जुन्या क्वार्टरातला पेरू

पिकलेल्या पेरूचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. बाबा प्लांटमधून रिटायर झाले आणि ज्या क्वार्टरात त्यांनी मला पदवीपर्यंत शिकवलं, ते सेक्टर सहातलं प्लांटचं क्वार्टर सोडून आम्ही हुडको कॉलनीत आलो. तेव्हापासून ते गप्पच असत. त्या दिवशी सायकलवर गेले, ते अंधारलं तरी परतले नाहीत. मी शोधत जुन्या क्वार्टरवर गेले, तर बाबा अंगणातल्या पेरूला पाणी घालत होते. "बाबा, आपलं घर इथं नाही आता," मी घाबरतच म्हणाले. "मालूम आहे मले, माय. येडा नाही झालो. ड्युटी सुटली, घर सुटलं, एवढं तं राहू दे." आता हुडकोतही आमच्या दारात पेरू आहे. तरी बाबा दिसले नाहीत की मी आधी सायकल जागेवर आहे का बघते.