डावखुरा माउस

बातमी आली त्या दिवशी घटक चाचणीचे पेपर नुकतेच गोळा झाले होते. मुलचेऱ्याच्या आमच्या शाळेतला फोन वाजला, मीच उचलला. बल्लारपूरहून शकीलभाईंचे धाकटे भाऊ बोलत होते. शकीलभाई सकाळी गेले. आमच्या शाळेचे क्लार्क, आणि चौदा वर्षं माझ्या डब्याचे अर्धे वाटेकरी.

मातीला सगळा स्टाफ गेला. परतीच्या गाडीत एकजण "ते माउसचं..." म्हणाला आणि एकातून एक निघत गेलं. माणूस समोर असतो तोवर किस्से साचतायत हे लक्षातच येत नाही.

*

शकीलभाईंचा उजवा हात लहानपणापासून अधू. लिहायचे डाव्या हाताने, पण अक्षर छापल्यासारखं. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा मुख्याध्यापकांनी बजावलं, दहावीचे फॉर्म यावरच भरायचे. जमलं नाही तर ऑफिस दुसऱ्याकडे देऊ.

माउस डावीकडे ठेवला की बोटं उलट्या बटणावर पडत. म्हणून डाव्या हाताच्या माउसचा शोध सुरू झाला. दुकानातल्या प्रत्येक खोक्यावर एकच मजकूर: 'हाताला आराम'.

शकीलभाई म्हणाले, "हात कोन्ता, ते काऊन नाई लिहित, सर?"

*

एका दुकानाच्या यादीत माउसच्या नावापुढे 'ऑप्टिकल' असं छापलेलं होतं. शहाणपणा माझाच. म्हटलं, चंद्रपूरला ऑप्टिकल्सच्या पाट्या भरपूर आहेत, तिथे विचारा.

दुकानदाराने त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि अक्षरं वाचायला लावली. सोमवारी शकीलभाई नवा चष्मा लावून ऑफिसात हजर.

"माउस नाई भेटला सर. पण खोक्यावरचं वाचता येऊन राह्यलं."

*

चष्म्यातून वाचून त्यांनी 'युनिव्हर्सल' लिहिलेला माउस आणला. त्याचं टोक गोल, आमच्या कॉम्प्युटरचं भोक लांबट. दोघांनी अर्धा तास खटपट केली. शेवटी त्यांनी माउस पुन्हा खोक्यात नीट गुंडाळून ठेवला.

"युनिव्हर्सल म्हंजे साऱ्या दुनियेत चालते. मुलचेऱ्यात नाई."

*

मग शकीलभाईंच्या जावयाने एक माउस पाठवला. तो घेऊन शकीलभाई घरून शाळेत येत होते, तेव्हा नाक्यावर पोलिसांनी बस थांबवून पिशव्या तपासल्या. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'वायरलेस'. आमच्या नक्षलग्रस्त जंगलात वायरलेस फक्त पोलिसांकडे! शिपायाने त्यांना खाली उतरवून विचारलं, याच्यावर कोणाशी बोलता?

शकीलभाई शांतपणे म्हणाले, "कॉम्प्युटरशीच बोलून राह्यलो साहेब. तोच ऐकत नाई."

सोडलं त्यांना. पण कॉम्प्युटरला लावायच्या त्याच्या रिसीव्हरचंही टोक गोलच निघालं.

*

फॉर्मची मुदत आली. मुख्याध्यापक कॉम्प्युटरवर बसले आणि हैराण झाले. माउस जुनाच होता, पण कुठेही दाबलं की भलतीच यादी उघडे. त्यांनी शकीलभाईंना बोलावलं. म्हणाले, तुम्ही नवा माउस शोधता शोधता जुना बिघडवलात.

शकीलभाईंनी माउस उचलून डावीकडे ठेवला आणि पहिला फॉर्म उघडून दाखवला. उजवं-डावं बटण बदलायची सोय कॉम्प्युटरच्या पोटातच होती. त्यांनी ती एकेक खिडकी उघडत स्वतः शोधली होती. कुठल्याच खोक्यावर ते लिहिलेलं नव्हतं.

"बिघडला नाई, सर. माह्या बाजूनं झाला."

त्या वर्षीचे सगळे फॉर्म त्यांनीच भरले. पुढच्या वर्षीचेही.

आता नवा क्लार्क आलाय, उजव्या हाताचा. ती सेटिंग बदलून द्या, असं तो रोज म्हणतो. मी उद्या म्हणतो. अजून बदललेली नाही.