दुसरी हार्ड डिस्क शेजारच्या खिळ्यावर

लोकहो, आज सकाळी माझ्या तोंडचं पाणीच पळालं होतं.

हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली, तर ती नुसती कटकट करत बसली. तिच्यात बाबांच्या भजनांची सगळी रेकॉर्डिंग होती. बाबांचा आवाज आता बसलाय, ते गात नाहीत.

दुसरी कॉपी होती हो! पंधरा दिवस रिव्ह्यू वाचून मुद्दाम दोन डिस्क घेतल्या होत्या. पण ती दुसरी सापडेना. कपाट, माळा, पलंगाखालची पेटी, सगळं उपसलं.

आई चपात्या लाटता लाटता म्हणाली, "काय शोधतोयस रे एवढं?"

सांगितलं.

"मग ती घरात कशी मिळेल? तूच बोललास ना, एक घराबाहेर ठेवायची म्हणून? मीच शेजारी सावंतकाकूंकडे दिलीय. आपली जादा चावी असते ना, तिथेच."

मी धावलो. काकूंच्या दारामागच्या खिळ्यावर आमची चावी, आणि तिच्याच बाजूला कापडी पिशवीत डिस्क! आणि मी इतके दिवस घराबाहेरच्या कॉपीसाठी क्लाउडचे प्लॅन बघत बसलेलो.

दुपारी बाबांनी स्वतःचं भजन ऐकलं. मांडीवर ठेका धरला आणि मग तोंड वाकडं करून म्हणाले, "इथे घाई केली मी."

आत्ता काकू येऊन गेल्या. हातात पेन ड्राइव्ह. "नातवाचे फोटो आहेत यात. तुमच्या खिळ्याला लटकव."

लटकवला. तुमची दुसरी कॉपी कोणाच्या खिळ्यावर आहे?