मिशिगनला फैलावर घेणारे काका

आमच्या शेजारच्या काकांइतकं मिशिगन राज्याला आजवर कुणीही ओळखलेलं नाही, खुद्द मिशिगननंही नाही. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आमच्यापासून तिसऱ्या घरात राहणाऱ्या या निवृत्त इंजिनियरांनी सारी हयात मोटारींचे ब्रेक बनवण्यात घालवली, पण डोक्यात विषय एकच: राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मिशिगननं कधी कुणाला मत दिलं. कुणाला रामरक्षा पाठ असते, तशी काकांना ही यादी पाठ. पक्षांची नावं ते घेत नाहीत. निवडणूक चिन्हांवर वाढलेला माणूस, त्यामुळे एक पक्ष हत्ती आणि दुसरा गाढव. माझ्या मुलाच्या बारशाला पाळण्यावर वाकून ते मोठ्यानं म्हणाले, "दोन हजार बारा! सलग सहाव्यांदा गाढव!" पुण्याहून नुकत्याच आलेल्या माझ्या सासूबाई पुढे दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

बरं, नुसती यादी म्हणून थांबतील तर ते काका कसले! ते मिशिगनला नापास झालेल्या पुतण्यासारखं फैलावर घेत. "पाऊणशे वर्षं हत्ती एके हत्ती! मध्ये एकदाच, एकोणीसशे बाराला, तिसऱ्याच पार्टीला व्होट देऊन मोकळे. आणि शहात्तर साली? माणूस देशात हरला, पण आपल्या राज्यात वाढलेला म्हणून ह्यांनी त्यालाच निवडलं. फार इमोशनल लोक आहेत रे!" दोन हजार सोळापासून राज्य दर खेपेला बाजू बदलू लागलं, तेव्हा तर गराजसमोरचा बर्फ उपसताना ते येणाऱ्याजाणाऱ्याला जाब विचारत. एकदा टपाल घेऊन आलेल्या बाईंनी हसून उलट विचारलं, "तुम्ही कुणाला दिलंत?" काका खाली बघून बर्फ उपसू लागले.

कारण काकांनी इथे एकदाही मत दिलेलं नव्हतं. मत द्यायचं तर नागरिक व्हायचं, नागरिक व्हायचं तर भारताचा पासपोर्ट सोडायचा, आणि काका तर दोन वर्षांत साताऱ्याला परत जाणार होते. त्या दोन वर्षांना आता पस्तीस वर्षं होत आली होती. मीही कधीतरी परत जाणारच होतो; चहा पिताना आम्ही दोघं ते बेत रंगवत असू. काकू केव्हाच नागरिक झाल्या होत्या. दर निवडणुकीला त्या मत देऊन येत आणि कुणाला दिलं ते काकांना सांगत नसत. हे त्यांना फार झोंबे.

मग साताऱ्याला त्यांची आई गेली. परत जाऊन भेटायचं असं कुणी उरलं नाही, आणि काकांनी मुकाट्यानं अर्ज भरला. मुलाखतीत अधिकाऱ्यानं विचारलं, राष्ट्राध्यक्ष किती वर्षांसाठी निवडतात? काका "चार" म्हणाले आणि न विचारता मिशिगनवर घसरले. अधिकाऱ्यानं शेवटी हात जोडले म्हणे. काकू म्हणतात, "त्यांना बाहेर काढायला पास केलं!"

मतदानाला मीच त्यांना ड्राइव्ह करून शाळेत घेऊन गेलो. कोट, टाय, खिशात दोन पेनं. लोक पाच मिनिटांत बाहेर येत होते, काकांना पाऊण तास लागला. "काय काका, हत्ती की गाढव?" मी डिवचलं. त्यांनी सीटबेल्ट लावला.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. मिशिगननं पुन्हा बाजू बदलली होती. आता झकास तासंपट्टी ऐकायला मिळणार, म्हणून मी चहाची वेळ साधून त्यांच्याकडे गेलो आणि काडी टाकली, "काका, परत पलटले! काय लोक आहेत हे!"

काकांनी बशीत चहा ओतला.

"असं बोलू नये रे," ते म्हणाले. "आपलेच लोक आहेत."

मला आनंद व्हायला हवा होता. पण तिथे बसल्या बसल्या मला एकदम फार एकटं वाटलं. परत जायच्या गोष्टी करायला आता आमच्या रस्त्यावर माझ्याखेरीज कुणी उरलं नव्हतं.