आमच्या विमानाचा ढेकर

तुमच्या आजोबांनी विमान बांधायला घेतलं तेव्हा आम्ही डोंबिवलीत दोन खोल्यांत राहत होतो. तिथे त्याचं चाकसुद्धा मावलं नसतं. म्हणून ते आकाराला आलं ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये, त्यांच्या एका मित्राच्या लेथच्या कारखान्यात. रविवारी कारखाना बंद असे आणि आजोबा, ते मित्र आणि मी असे आम्ही तिघं तिथे असू. मी कॉलेजात फिजिक्स शिकवत असे, त्यामुळे इंग्रजी मासिकांतलं वाचून सांगणं आणि मोजमापं तपासणं माझ्याकडे होतं.

इंजिन होतं मोडीत निघालेल्या एका जपानी मोटारीचं, रोटरी जातीचं. नेहमीच्या इंजिनात दट्टे वरखाली होतात. यात तीन कोपऱ्यांचा एक जाड तुकडा लांबट डब्यात गरगर फिरतो. आकाराने लहान, ताकदीला दांडगं, पण तापायला अतिशय हुशार. पेट्रोल पेटतं ते डब्याच्या एकाच बाजूला, म्हणून ती बाजू सारखी भाजत राहते. तिथून पाणी फिरवून उष्णता बाहेर काढली नाही, तर डबा वाकतो, कोपऱ्यांवरच्या पट्ट्या जातात आणि इंजिन भंगारात. असं दुसरं इंजिन आम्हाला मिळणार नव्हतं.

हे पाणी निववणारा मोटारीचा रेडिएटर विमानाच्या नाकात बसेना. त्याऐवजी आम्ही मोटारीच्या एसीच्या दोन कॉइल इंजिनाखाली बसवल्या. हवा कॉइलमधूनच जावी, बाजूने पळू नये, म्हणून आजोबांनी पत्र्याचे बोगदे केले आणि मी फटींवर रबराच्या पट्ट्या चिकटवल्या. मग समोर टेबलफॅन लावून, हातात उदबत्ती धरून, धूर कुठे चोरून जातो ते शोधत बसलो. मित्र म्हणाले, "वहिनी, आता आरतीच राहिली."

सगळं जमल्यावर एका थंडीच्या सकाळी बिनपंखांचं विमान टेम्पोत घालून आम्ही कोपरच्या पुढे, खाडीकाठच्या मोकळ्या जमिनीवर नेलं. इंजिन पूर्ण जोरात चालवायचं तर आजूबाजूला घरं नकोत. चाकांना दगड लावले, शेपटी दोराने एका खुंटाला बांधली. मासळी घेऊन निघालेल्या तीन-चार कोळणी पाट्या खाली ठेवून उभ्या राहिल्या.

आजोबा आणि मी शेजारी शेजारी बसलो. इंजिनाचा जोर वाढवायचा थ्रॉटल त्यांच्या हातात, पाण्याच्या तापमानाच्या काट्यावर डोळा माझा. इंजिन सुरू झालं आणि माझ्या दातांपर्यंत सगळं थरथरलं. मला इतका आनंद झाला की काटा बघायचं मी क्षणभर विसरले. तो हळूहळू चढत होता. आजोबांनी जोर वाढवला. काटा आणखी चढला, थांबला आणि मग चक्क खाली यायला लागला.

आजोबांनी अंगठा वर केला. बाहेर उभ्या असलेल्या मित्रांनीही केला. मी आजोबांच्या कानात ओरडले, "बंद करा."

"अगं, खाली येतोय की."

"म्हणूनच. आधी बंद करा."

त्यांनी बंद केलं, पण तोंड असं केलं जसं मी त्यांना ताटावरून उठवलंय. "थंड होत होतं ना इंजिन?"

"जोर वाढवल्यावर थंड कसं होईल? काट्याला जोडलेल्या तारेचं टोक इंजिनात आहे ना, तिथे पाणीच नाही. ते हवेत लोंबतंय, म्हणून त्याला काही कळत नाही."

मित्रांनी कॉइलला हात लावला. "अरे, ही तर नुसती कोमट आहे." इंजिनाजवळ मात्र हात नेववत नव्हता. म्हणजे गरम पाणी कॉइलपर्यंत पोचतच नव्हतं.

कारण शोधायला वेळ लागला नाही. या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे जमिनीवर ते नाक वर करून बसे. कारखान्यात मात्र आम्ही शेपटी ड्रमवर ठेवून ते सपाट केलेलं होतं आणि तसंच असताना नाकाजवळच्या झाकणातून पाणी भरलं होतं. तेव्हा इंजिनाच्या मागच्या बाजूला हवा अडकली. इथे शेपटी खाली आल्यावर ती हवा सरकून पुढे वर आली आणि पाणी फिरवणाऱ्या पंपाशीच जाऊन बसली. हवेला पंप ढकलणार कसा?

डबा वाकला असेल, तर आतली हवा निसटून कोपरे सैल फिरणार होते. इंजिन निवल्यावर आजोबांनी पुढचा पंखा हाताने सावकाश फिरवला. एक कोपरा, घट्ट. दुसरा, घट्ट. तिसऱ्याला ते थांबले, मग जोर लावला. "घट्ट आहे," ते म्हणाले आणि खालीच बसले.

मग झाकण लावून शेपटी वर उचलायची, खाली ठेवायची, झाकण उघडायचं, असं सुरू केलं. दर वेळी आतून मोठा बुडबुडा येई, पाणी खाली जाई आणि मी कळशीतून भर घाली. शेपटी जड होती. एक कोळीण पदर खोचून पुढे झाली. "काय गो बाय, लेकराला ढेकर काढताव काय?"

"तसंच आहे," मी म्हटलं. "धरा तिकडून."

बुडबुडे थांबेपर्यंत ती आणि तिची जाऊ शेपटी झुलवत राहिल्या.

पुन्हा इंजिन सुरू केलं. काटा चढला. या वेळी आजोबा जोर वाढवताना मध्येच थांबले, त्यांचा हात पुढे जाईना. मित्रांनी दोन्ही कॉइलना हात लावून झटकन मागे घेतले आणि आमच्याकडे बघून जोरजोरात होकाराची मान हलवली. मी आजोबांच्या हातावर हात ठेवून थ्रॉटल शेवटपर्यंत ढकलला. काटा लाल रेघेच्या जरा अलीकडे आला, थरथरला आणि तिथेच राहिला. आम्ही बघत राहिलो. तो हलला नाही. आजोबा काहीतरी मोठ्याने बोलत होते, मला एक शब्द ऐकू येत नव्हता आणि मी हसत होते.

परतताना टेम्पोत आमचं तिघांचं कडाक्याचं भांडण झालं, आधी डावा पंख बसवायचा की उजवा यावरून.