शाईचे डाग

कूलरच्या ओल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास आला की मला देवास गेटजवळचा तो दवाखाना आठवतो, जिथे मी मानसतज्ज्ञ म्हणून नुकतीच लागले होते. त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी एका गृहस्थाला व्यक्तिमत्त्वाच्या तपासणीसाठी माझ्याकडे पाठवलं. बोलणं अगदी मऊ. "मॅडम, मला राग येतच नाही," तो हसून म्हणाला. मी शाईच्या डागांची चित्रं एकेक करून त्याच्यापुढे ठेवली आणि काय दिसतं ते विचारलं. पुष्कळांना जिथे फुलपाखरू दिसतं, तिथे त्याला सोललेलं कातडं दिसलं, मग चिरडलेलं जनावर, मग नुसतं रक्त. बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोला मी हळूच म्हटलं, "यांच्या मनात फार राग साचलाय, सांभाळून राहा." तिनं पदर सारून दंडावरचे काळेनिळे वळ दाखवले. "हे तर मला लग्नापासून पता आहे, ताई. आता घरी जाऊन काय करू, ते सांगा ना." मी माहेरचं विचारलं, तर तिनं नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात तो बाहेर आला, "चल गं, ऊन वाढतंय," असं मायेनं म्हणाला, आणि ती त्याच्या स्कूटरवर मागे बसली. ती पुन्हा कधी आली नाही. आज मी हीच चाचणी कॉलेजातल्या मुलांना शिकवते, पण तिला काय सांगायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.