चपलेचा कान

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला उचगावची शेड आठवते. ऐंशी सालाच्या आसपास तिथं ताईचे यजमान दाजी आणि मी दोन सीटचं विमान बांधत होतो. इंजिन सुरू झालं की हेडफोनमध्ये भुंगा घोंघावायचा आणि एकमेकांचं बोलणंच कळायचं नाही. "ऐकू आल्याबिगर उडायचं न्हाय," ताईनं बजावलेलं. शेवटी सापडलं: हेडफोनचं सॉकेट विमानाच्या पत्र्याला टेकत होतं, तिथूनच इंजिनाच्या विजेची गुणगुण आत शिरत होती. मध्ये घालायला वीज अडवणारं काही मिळेना, तेव्हा दाजींनी पायातल्या कापशी चपलेचा कान, म्हणजे बाजूची चामड्याची पट्टी, कापून त्याची चकती बसवली. इंजिन धडधडलं, पण भुंगा गप्प! पुढं दाजी, मागच्या सीटवर चाचणीला बसलेली ताई; हेडफोनमध्ये तिचा आवाज खणखणीत आला, "नवी चप्पल कापलीसा व्हय?" आजही घरात कुणी खेकसलं की वाटतं, चला, आता उडायला हरकत नाही.